विद्यार्थ्याच्या घरी जाताना: सोलापुरातल्या वर्गशिक्षकांसाठी गृहभेटीची पद्धत

हजेरीपत्रकात सलग चार-पाच दिवस गैरहजेरी दिसली की वर्गशिक्षक विद्यार्थ्याच्या घरी जातात. दारातच आईला गाठून ‘पोरगं शाळेत येत नाही, आलं तरी लक्ष देत नाही’ असं सांगतात, रजिस्टरवर सही घेतात आणि पुढच्या घराकडे वळतात. रात्री पोराला मार बसतो. दुसऱ्या दिवशी ते शाळेत येतं, मान खाली घालून बसतं, आणि भेटीचा उपयोग झाला असं आपल्याला वाटतं. पंधरा दिवसांत ते पुन्हा गैरहजर. आता तर रस्त्यात सर दिसले की ते बोळ बदलतं.

हे इतक्या शाळांत, इतक्या चांगल्या शिक्षकांच्या हातून होतं, की सगळ्या पायऱ्या क्रमानं लिहून काढणं गरजेचं वाटलं. माझं म्हणणं थोडक्यात असं: घरी आलेला शिक्षक आपल्या बाजूचा आहे, हे आधी मुलाला कळलं पाहिजे. पालकांशी जे बोलायचं ते त्यानंतर. हा क्रम उलटला की भेट वाया जाते, कधी नुकसानही करते.

लिहिताना डोळ्यांसमोर पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत आणि पूर्व भाग, विडी घरकुल, निलम नगर, कुंभारीची वसाहत इथली घरं आहेत. तुमची शाळा माढ्यात किंवा अक्कलकोटात असेल तर वेळांचे तपशील बदलतील, क्रम तोच राहील.

१. भेट कोणती आहे ते आधी ठरवा

गृहभेटी तीन प्रकारच्या असतात. त्यांची सरमिसळ करू नका.

ओळखीची भेट: काहीही काम नसताना, कसलीही तक्रार नसताना केलेली. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, तेव्हापासून गणपतीपर्यंतचा काळ या भेटींचा.

कामाची भेट: गैरहजेरी, दहावीचा अभ्यास, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, आजारपण अशा ठरावीक कारणासाठी.

तातडीची भेट: मुलाच्या सुरक्षिततेविषयी शंका असेल तेव्हाची. ही एकट्यानं, स्वतःच्या अंदाजावर करायचीच नसते. तिच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पहिलीच भेट कामाची असणं. ज्या घरानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तिथं पहिल्यांदा तक्रार घेऊन गेलात तर त्या घरासाठी तुम्ही कायमचे तक्रारवाले सर झालात.

‘पट साठचा आहे, साठ घरं कशी व्हायची?’ हा प्रश्न रास्त आहे. हजेरी क्रमांकानं न जाता गल्लीनुसार जा. वर्गाची यादी घेऊन कोण कुठल्या पेठेत, कुठल्या नगरात राहतो ते गट पाडा. एका संध्याकाळी एकाच गल्लीतली तीन घरं होतात, प्रत्येकी वीस मिनिटं धरून. सगळी घरं होणार नसतील तर जेवढी कराल त्यात सगळ्या तऱ्हेची मुलं घ्या: हुशार, गप्प बसणारी, दंगा करणारी. फक्त दंगेखोरांच्या घरी गेलात तर सर घरी येणं म्हणजे शिक्षा, हे वर्ग दोन दिवसांत ओळखतो.

आणि पालक सभेवर भिस्त ठेवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ शिक्षकांना पालकांशी नियमित भेटून हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगायला बांधून घालतं. सभा लावली की कागदोपत्री ते पूर्ण होतं. पण विडी वळणाऱ्या बाईची मजुरी विड्यांच्या संख्येवर असते. सकाळी अकराच्या सभेला ती आली तर तिच्या त्या दिवसाच्या विड्या कमी भरतात. रातपाळी करून आलेला बाप त्या वेळी झोपलेला असतो. ते येत नाहीत म्हणून त्यांना मुलाची फिकीर नाही, असा निष्कर्ष काढणं अन्याय आहे.

२. वर्गात सांगा, मग मुलाला एकट्याला विचारा

न कळवता जाणं ही दुसरी मोठी चूक. ‘घरची खरी परिस्थिती कळावी’ म्हणून काही जण अचानक जातात. खरी परिस्थिती कळते, पण विश्वास जातो.

आधी पूर्ण वर्गाला सांगा: ‘या महिन्यात मी सगळ्यांच्या घरी येणार आहे. कोणाचीही तक्रार करायला येणार नाही.’ हे एकदा सांगून भागत नाही, दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी सांगा.

मग ज्या गल्लीत जायचं तिथल्या मुलांना एकेकट्यानं विचारा. चारचौघांत ‘तुझ्या घरी येऊ का?’ विचारलं की मूल ‘हो सर’ म्हणतं, दुसरं काय म्हणणार? एकट्याला विचारलं तर खरं बोलतं. ‘नका येऊ की सर, घरात कोण नसतंय.’ या वाक्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते. घर एका खोलीचं आहे आणि लाज वाटते. वडील संध्याकाळी पिऊन असतात. किंवा घरात आजारी, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. यातलं कोणतं, हे खोदून विचारू नका. पर्याय द्या: ‘मग आईला देवळापाशी भेटू का? की बाबांना कारखान्याच्या गेटवर? की तुझी आई शाळेत सोडायला येईल तेव्हा?’ मूल स्वतः जागा सुचवतं. ती जागा मान्य करा. दोन-तीन महिन्यांनी बहुतेकदा तेच मूल म्हणतं, ‘सर, आता घरी या.’

पत्त्याचंही इथेच उरका. शाळेच्या रजिस्टरमधला पत्ता प्रवेशाच्या वेळचा असतो. भाड्यानं राहणारी कुटुंबं त्यानंतर दोनदा घर बदललेली असतात. मुलाला वहीच्या कागदावर घराचा नकाशा काढायला सांगा: कुठलं देऊळ, कुठली पिठाची गिरणी, कितवा बोळ. हा नकाशा मुलं मन लावून काढतात, आणि कोणाच्या गल्लीत अंधार असतो, कुठे कुत्री आहेत हेही सांगून टाकतात.

तपासा: मुलाला भेटीचा दिवस माहीत आहे का? घरी सांगितलं आहे का? भेट कशासाठी हे त्याच्या शब्दांत सांगता येतंय का? तिन्हीचं उत्तर ‘हो’ आलं तरच पुढे.

३. वेळ: इथेच निम्म्या भेटी फसतात

सोलापुरात घरी जायची वेळ घड्याळावरून ठरवता येत नाही. चार गोष्टी विचारून घ्याव्या लागतात.

पहिली, पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. भागाभागाप्रमाणे काही दिवसांआड, कधी त्याहून उशिरा येतं. ज्या दिवशी पाणी सुटतं त्या दिवशी सगळं घर पिंप, घागरी, बादल्यांमागे असतं. त्या वेळी दारात उभा राहिलेला शिक्षक म्हणजे अडचण. मुलाला विचारा, ‘तुमच्याकडे पाणी कधी आहे?’ तो दिवस सोडा.

दुसरी, पाळी. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाची दिवसपाळी की रातपाळी, आणि सुट्टीचा वार कोणता, हे विचारा. रातपाळी असेल तर दुपारी दार वाजवू नका. संध्याकाळी कामावर निघण्याआधीचा अर्धा तास बरा. तो बाप तेव्हा झोपून उठलेला असतो, चहा पीत असतो आणि ऐकायच्या मनःस्थितीत असतो.

तिसरी, विड्या देण्याची वेळ. विडी कामगार बायका वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन पुढचं पान-तंबाखू घेऊन येतात. त्या वेळी घरी फक्त म्हातारी माणसं आणि पोरं असतात. देऊन आल्यावर, स्वयंपाकाआधी, थोडी उसंत असते. तीच तुमची वेळ.

चौथी, हवामान आणि सण. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते म्हणून दुपारी भेटी उरकाव्यात असं वाटतं. पारा चाळीसच्या वर गेलेला असतो, पत्र्याच्या खोलीत माणसं कशीबशी पडलेली असतात. तेव्हा जाऊ नका. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा. त्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही, अर्ध्या घरांचं कोणी ना कोणी तिथं स्टॉलवर कामाला असतं. रमजानमध्ये मुस्लिम कुटुंबांकडे इफ्तारच्या वेळी नको, रात्रीच्या नमाजनंतर किंवा सुट्टीच्या सकाळी जा.

जिल्ह्यातल्या गावांमधल्या शिक्षकांसाठी वेगळी सूचना: ज्या घरातली माणसं ऊसतोडीला जातात, तिथली भेट दिवाळीच्या आत झाली पाहिजे. टोळी निघाली की उशीर झाला. मूल कोणाकडे राहणार, बरोबर जाणार असेल तर कुठल्या कारखान्याकडे, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) सोबत दिलं का, हे त्या एका भेटीत ठरतं.

४. निघण्याआधी

मुख्याध्यापकांना सांगा आणि हालचाल रजिस्टरमध्ये नोंद करा. ही नोंद तुमच्याही संरक्षणाची आहे.

एकटे जाऊ नका, पण ताफाही नेऊ नका. दोघं पुरे. मुलीच्या घरी जाताना बरोबर शिक्षिका हवीच. तिसरा माणूस आला की घरातल्यांना बसायला जागा करावी लागते, शेजारी गोळा होतात आणि ‘काय झालं ओ?’ सुरू होतं.

हातात मुलाची एक वही ठेवा, ज्यात त्यानं काहीतरी चांगलं केलेलं आहे ते पान उघडता येईल अशी. गुणपत्रिका नेऊ नका. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. आई किंवा बाप विडी कामगार असेल तर विडी कामगार ओळखपत्र, आधार आणि बँक खात्याचे कागद काढून ठेवा, असं लिहिलेली चिठ्ठी खिशात असू द्या. नुसतं तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

इशारा: मोबाइल खिशात. घराच्या आतले, चुलीचे, अंथरुणांचे, रांगेत बसवलेल्या कुटुंबाचे फोटो काढू नका. अहवालाला फोटो लागतो असं वरून सांगितलं जातं, तेव्हा सहीवर भागतं का हे मुख्याध्यापकांमार्फत आधीच विचारून घ्या. भागत नसेल तर दाराबाहेर, विचारून, एकच काढा. तो शिक्षकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका. मुलाचं घर हा आपल्या कामाचा पुरावा म्हणून फिरवायचा विषय नाही.

५. दारापासून बसेपर्यंत

पहिल्या पाच मिनिटांत पालक एकच गोष्ट विचारतात: ‘काय केलं ओ सर ह्यानं?’ याचं उत्तर तोंडपाठ ठेवा. ‘काहीच केलं नाही अक्का. सगळ्यांच्या घरी जातोय, आज तुमच्याकडे आलो.’ हे हसून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा. घरभर सैल झालेला श्वास तुम्हाला जाणवेल, मुलाचाही.

बसायला सांगतील तिथं बसा. खुर्ची एकच असेल आणि आजोबा त्यावर बसलेले असतील तर चटईवर बसा. पाणी देतील ते प्या. चहा विचारतील, तेव्हा ‘आत्ताच घेतला’ म्हणून टाळू नका. तीन घरी जायचं असेल तर ‘अर्धा कप द्या’ म्हणा. आपल्या समाजात कोण कोणाकडचं पाणी पितं हे अजून पाहिलं जातं आणि लक्षातही ठेवलं जातं. एका घरी चहा घेतला आणि शेजारच्या घरी नाकारला, तर ती गोष्ट तुम्ही गल्लीबाहेर पडायच्या आत सगळ्यांना कळते. मुलाला तर पहिल्यांदा कळते.

विडी वळणाऱ्या घरातलं दृश्य नीट समजून घ्या. आई भिंतीला पाठ टेकून बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. शेजारी तुमची सातवीतली विद्यार्थिनी विड्यांची तोंडं दुमडत असते. तुम्ही दारात दिसताच ती हातातलं झटकन आईच्या सुपात टाकते आणि ओढणीला हात पुसते. या क्षणी तुम्ही काय करता, त्यावर पुढचं वर्ष अवलंबून आहे. ‘तू पण हे करतेस?’ असं म्हणू नका. उपदेश नको, दयाही नको. पाहिलं नाही असं सोंगही नको, कारण तिला माहीत आहे तुम्ही पाहिलंय. सरळ खाली बसा आणि आईशी बोलायला लागा. आईचे हात चालूच राहतील. ते थांबवायला सांगू नका, विडी वळता वळता ती नीट बोलते. मुलीच्या कामाचा विषय आज काढायचाच नाही. तो तुम्ही वर्गात, अभ्यासाच्या वेळा ठरवताना वापरायचा आहे.

जिथं खाली माग आणि वर घर आहे, तिथं मागाच्या आवाजात ओरडून बोलू नका. ओरडून सांगितलेलं चारही घरांना ऐकू जातं. गच्चीवर किंवा गल्लीच्या टोकाला चला म्हणावं.

६. बोलण्याचा क्रम

आधी त्यांना बोलू द्या. ‘कसं चाललंय?’ इतकं पुरतं. काम, पाणी, भाडं, आजारपण, जे येईल ते ऐका. पहिली सात-आठ मिनिटं शाळेचा विषय तुमच्याकडून निघता कामा नये.

मग मुलाविषयी त्यांनाच विचारा: घरी काय करायला आवडतं, कोणाशी जास्त बोलतो, रात्री किती वाजता झोपतो. या उत्तरांत तुम्हाला वर्गात न दिसलेलं मूल भेटतं. मागच्या बाकावर झोपणारा मुलगा पहाटे उठून दूध टाकतो, हे असंच कळतं.

नंतर मुलासमोर त्याची एक चांगली गोष्ट सांगा. ती ठोस हवी. ‘हुशार आहे, अभ्यास केला तर पुढे जाईल’ हे वाक्य प्रत्येक शिक्षक प्रत्येक घरी बोलतो, त्याला किंमत उरलेली नाही. त्याऐवजी: ‘वर्गात नवीन मुलगा आला, त्याला मराठी लिहिता येत नव्हतं. तुमच्या श्रीनिवासनं स्वतःहून त्याला शेजारी बसवून घेतलं.’ सोबत आणलेल्या वहीतलं पान दाखवा. आई अक्षरओळख नसलेली असली तरी ते पान हातात घेऊन पाहते. अशी गोष्ट सुचत नसेल तर त्या घरी जायला तुम्ही अजून तयार नाही. आणखी आठवडाभर त्या मुलाकडे वर्गात लक्ष द्या, मग जा.

शेवटी एकच विनंती. दोन नाही. ‘रात्री नऊनंतर त्याला अर्धा तास दिव्याखाली बसू द्या’ किंवा ‘गैरहजर राहायचं असेल तर शेजारच्या मुलाकडे निरोप पाठवा’. घराला जमेल अशीच मागा. एका खोलीत सात माणसं राहतात तिथं ‘अभ्यासाला स्वतंत्र जागा द्या’ म्हणणं म्हणजे त्यांना हिणवणं आहे.

भाषेची अडचण

आपल्या वर्गात मराठी बोलणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू चालते. मूल आणि बाप मराठीत बोलतात, पण घरातला निर्णय बऱ्याचदा आजीचा असतो आणि आजीला मराठी फारशी येत नाही. तेव्हा शिक्षक सहज म्हणतात, ‘आजीला सांग रे मी काय म्हणतोय ते.’

हे टाळा. स्वतःविषयीचं बोलणं स्वतःच भाषांतर करून सांगायला लावणं मुलासाठी फार अवघड असतं. कौतुक असेल तर ते लाजेनं अर्धं सांगतं, तक्रार असेल तर बदलून सांगतं, आणि तुमच्यासमोर खोटं बोलल्याचं ओझं घेऊन राहतं. थोरली बहीण, काका, शेजारची बाई यांना मध्ये घ्या. शाळेत त्या भाषेचा सहकारी असेल तर जोडीदार म्हणून त्यालाच न्या. आणि दोन शब्द स्वतः शिका. तेलुगू घरात ‘बागुन्नारा?’, कन्नड घरात ‘आराम इद्दीरी?’ एवढं म्हटलं तरी आजी जवळ सरकून बसते. उच्चार चुकला की मूल हसतं आणि दुरुस्त करतं. ते त्याला करू द्या. घरात एकदा तरी ते तुमचं शिक्षक झालं, की वर्गात प्रश्न विचारायची त्याची भीड कमी होते.

तपासा: मूल पूर्ण वेळ समोर होतं का? त्याला बाहेर पाठवून मोठ्यांत कुजबुज झाली असेल तर त्यानं वाईटच अर्थ काढला आहे. निघण्याआधी त्याला काय बोलणं झालं ते सांगा.

७. अवघड प्रसंग

‘मारा की सर, आमची काही तक्रार नाही.’ हे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकू येतं, बहुतेकदा प्रेमानं आणि तुमच्यावरच्या विश्वासानं म्हटलेलं. मूल तेव्हा तुमच्याकडेच पाहत असतं. हसून सोडून देऊ नका. स्पष्ट म्हणा, ‘नाही अण्णा, मी मारत नाही. तुम्हीही मारू नका. शाळेतली कुठलीही गोष्ट असली तर आधी मी त्याच्याशीच बोलेन.’ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, हे बापाला सांगायला हरकत नाही. पण मुलाला जे ऐकायचं होतं ते आधीच्या वाक्यात येऊन गेलेलं असतं.

वडील पिऊन असतील तर बसू नका. ‘पुन्हा येतो’ म्हणून दोन मिनिटांत निघा. मुलाच्या नजरेला नजर देऊन, रोजच्यासारखं ‘उद्या भेटू’ म्हणा. दुसऱ्या दिवशी त्या गोष्टीचा उल्लेख करू नका. त्यानं स्वतः काढला तर ऐका.

पैशाची मागणी झाली, फी किंवा गणवेशासाठी, तर खिशातून काढून देऊ नका. एका घरी दिलेत की मूल वर्गात तुमचं मिंधं होतं. शाळेच्या मार्फत काय होतं ते पाहून सांगतो म्हणा, आणि खरंच पाहा.

मुलीच्या लग्नाची बोलणी. नववी-दहावीत हे कानावर येतं, बहुधा मुलगी स्वतः किंवा तिची मैत्रीण सांगते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असावं लागतं. पण हा कायदा एकट्यानं, त्या घरात बसून वाचून दाखवू नका. तुम्ही निघून जाल आणि ‘कोणी सांगितलं?’ हा प्रश्न मुलीला तोंड देऊन सोडवावा लागेल. मुख्याध्यापकांना सांगा आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक लावा, तो रात्रंदिवस चालू असतो. मुलीचं नाव माहिती देणारी म्हणून कुठेही येऊ देऊ नका.

लैंगिक अत्याचाराची शंका आली किंवा मुलानं तसं सांगितलं तर गृहभेट हा मार्गच नव्हे. घरी जाऊन चौकशी केल्यानं मूल अधिक धोक्यात येऊ शकतं, विशेषतः संशय घरातल्याच माणसावर असेल तर. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि न देणं हा गुन्हा आहे. मुलाला ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, आता मी मदत आणतो’ एवढंच म्हणा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांसह पुढची कारवाई करा.

८. निघताना आणि त्याच रात्री

जे जमणार नाही ते कबूल करू नका. ‘पास करून देतो’, ‘बाक बदलून देतो’, ‘शिष्यवृत्ती मिळवून देतो’ ही वाक्यं चहाच्या ओघात निघतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणं तुमच्या हातात आहे, मिळवून देणं नाही.

त्याच रात्री नोंद करा. चार ओळी पुरतात: कोण भेटलं, त्यांनी काय विचारलं, मी काय कबूल केलं, पुढे कधी. बापाचं पिणं, घरावरचं कर्ज, नवरा-बायकोची भांडणं रजिस्टरमध्ये लिहू नका. ते रजिस्टर कोण कोण चाळतं हे तुम्हाला माहीत आहे. शिक्षक खोलीत तर अजिबात बोलू नका. तिथं बोललेली गोष्ट पाण्यात पडलेल्या तेलासारखी पसरते, आणि शाळेत कोणाचा ना कोणाचा भाचा शिकत असतोच.

९. दुसऱ्या दिवशी वर्गात

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि नातं इथंच बनतं किंवा तुटतं. मूल दिवसभर पाहत असतं की सर आता काय करतात.

‘काल मी ह्याच्या घरी गेलो होतो, काय छान चहा पाजला!’ असं कौतुकानंही म्हणू नका. ज्यांच्या घरी अजून गेला नाहीत ती मुलं तुलना करतात, आणि ज्याच्या घरी गेलात त्याला आणखी काय काय सांगतील याची धास्ती वाटते. दोन महिन्यांनी, राग आला असताना, ‘घरी बघितलंय मी काय चालतं ते’ हे वाक्य तोंडून गेलं, तर आजवरचं सगळं एका क्षणात संपलं. वर्गात ते कोणत्याही रागात बोलायचं नाही, हे मनाशी पक्कं करा.

जे कळलं ते न बोलता वापरा. जी मुलगी रात्री विड्यांना बसते तिचा गृहपाठ रात्री होणार नाही. शेवटच्या तासातली पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाला गृहपाठ सुरू करायला द्या. तिला वेगळं काढायची गरज नाही. पहाटे दूध टाकणाऱ्याला पहिल्या तासाला उभं करून प्रश्न विचारू नका, तिसऱ्या तासाला विचारा. डोळ्यांची तक्रार असलेल्याला पुढे बसवा. मुलाला बरोबर कळतं की हे आपल्यासाठी झालं. ते काही बोलत नाही, पण हळूहळू कामं वेळेवर यायला लागतात.

तपासा: आठवड्याभरात मुलानं स्वतःहून तुमच्याशी एखादी छोटी गोष्ट बोलली का? घरचा निरोप, भावाचा ताप, गड्ड्यावरून काय आणलं, काहीही. बोललं असेल तर भेट साधली. नसेल तर दुसऱ्या भेटीची घाई करू नका, वर्गातच थोडं जास्त लक्ष द्या.

१०. कामाची भेट आणि फेरभेट

ओळखीची भेट झालेल्या घरी आता गैरहजेरीसाठी जायचं असेल तर एक पायरी वाढते. घरी काय बोलणार ते मुलाला आधी शाळेत सांगा. ‘तू या महिन्यात नऊ दिवस आला नाहीस, हे मी आईला सांगणार आहे. कारण तू सांगशील की मी सांगू?’ बरीच मुलं म्हणतात, ‘मी सांगतो.’ मग घरी पहिलं वाक्य त्याचं असू द्या, तुम्ही पुढचं बोला. मूल सापडतच नसेल, शाळेत येतच नसेल, तर शेजारच्या मित्रामार्फत निरोप पाठवून मग जा, आणि घरात पहिला प्रश्न ‘का येत नाही?’ असा न विचारता ‘बरं आहे ना?’ असा विचारा.

मूल परत यायला लागलं की घरी तेही कळवा. तक्रारीसाठी फोन करणारे बहुतेक सगळेच असतात. ‘आज आला होता, पूर्ण वेळ बसला’ असा दोन ओळींचा फोन फार थोड्यांकडून जातो, आणि आई तो घरात सगळ्यांना सांगते.

वर्ष संपताना पुढच्या इयत्तेच्या वर्गशिक्षकाला प्रत्येक गल्लीचा एक कागद द्या. त्यात मुलांनी काढलेले नकाशे, पाण्याचा दिवस, बापाची पाळी, घरात कोणती भाषा चालते आणि निर्णय कोण घेतं, इतकंच असावं. तक्रारी त्या कागदावर उतरवू नका. ज्या मुलानं ‘घरी नका येऊ’ म्हटलं होतं त्याच्या नावापुढे फक्त लिहा: आधी विचारून, देवळापाशी.